खचदरी

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातला ‘खचदरी’ हा शब्द ज्याने घडवला, त्याला या भूरूपाचे मर्म कळले होते. जर्मन भूशास्त्रात तिला ‘ग्राबेन’, म्हणजे खंदक म्हणतात. पण ही दरी कुणी खणलेली नसते, नदीनेही नाही. ‘रिफ्ट व्हॅली’ हे नाव रूढ केले भूशास्त्रज्ञ जॉन वॉल्टर ग्रेगरीने. १८९३ साली त्याने केनियातली अजस्र दरी पाहिली आणि १८९६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. ‘रिफ्ट’ म्हणजे चीर. आपल्या ‘दरी’च्या पोटातही चीर आहेच: संस्कृत ‘दॄ’ म्हणजे फाडणे; ‘विदीर्ण’ त्यातूनच आला.

जमीन फाटते ती ताणाने. ‘ताण’ आला ‘तन्’ धातूतून, आणि त्याच धातूतून ‘तनु’. संस्कृतात तनु म्हणजे देह, तसाच पातळ, सडपातळही. जे ताणले जाते ते पातळ होते. भूकवचाचे अगदी हेच होते. खंडाखालचे कवच साधारण ३५-४० किलोमीटर जाड. ओढ बसली की खालचा तापलेला खडक न तुटता पातळ होत जातो. वरचा थंड, ठिसूळ थर मात्र तडकतो. हे तडे तिरपे असतात, बहुधा साठेक अंशांचे, आणि त्यांच्या उतारावरून मधला ठोकळा खाली घसरतो. पुष्कळदा एकाच बाजूचा तडा मोठा असतो. मग दरीचा तळ त्या बाजूला कलतो.

भिंत खचते, रस्ता खचतो, माणूस खचतो, तो आधार सुटल्यावर. इथे हलके कवच पातळ होते, त्याची जागा कवचाखालचा जड थर, प्रावरण, घेते आणि जमीन खाली बसते. भूभौतिकशास्त्रज्ञ डॅन मॅकेंझी यांनी १९७८ मध्ये दाखवले की खचणे एवढ्यावर थांबत नाही. वर आलेले तप्त द्रव्य पुढे कोट्यवधी वर्षे निवत जाते, निवताना जड होते आणि जमीन सावकाश खचतच राहते.

‘खच’ म्हणजे रासही. खचत्या खोऱ्यात गाळाला सतत जागा मिळते, म्हणून थरांवर थर चढतात. प्राणहिता-गोदावरीचे खोरे असेच ताणातून खचलेले. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी तिथल्या दलदलीत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या झाडांच्या पानांचा खच पडला, गाळाखाली गाडला गेला, आणि आज चंद्रपूर-वणीच्या खाणींतून निघणारा दगडी कोळसा त्याचाच आहे.