पाय धरणारे पायडल, पाय सोडणारे पायडल

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी आम्ही चौघे पहाटे चारला इंदूरहून सायकलने महेश्वरला निघालो. चौघेही सरकारी नोकर, चाळिशी ओलांडलेले. दोघांनी नवे रेसिंगचे बूट घेतले होते. या बुटांच्या तळाला क्लीट नावाची प्लास्टिकची जाड पट्टी असते. ती पायडलात खटकन बसते आणि बूट पायडलाला जोडला जातो. मानपूरचा घाट मजेत उतरलो. धामनोदच्या चौकात मात्र एकदम ब्रेक मारावा लागला. आमच्यातल्या एकाचा पाय वेळेवर सुटला नाही आणि तो सायकलसकट आडवा झाला. मागच्या ट्रकवाल्याने गाडी थांबवली म्हणून कोपर खरचटण्यावर भागले. पुढे महेश्वरला त्याच क्लीट ओल्या दगडी पायऱ्यांवर घसरू लागल्या. शेवटी दोघेही बूट हातात धरून अनवाणी नर्मदेत उतरले. फुले विकणारी आजी म्हणाली, “भैया, ऐसे जूते किस काम के, जिनमें चल न सको?”

आजीचा प्रश्न आमच्या मनातून जाईना. आम्ही यंत्रशाखेचे पदविकाधारक, तेव्हा पायडलाचा इतिहासच धुंडाळायला बसलो.

सायकलीला आधी पायडल नव्हतेच. १८१७ साली जर्मनीतल्या मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस याने दोन चाकांचे लाकडी यंत्र चालवून दाखवले, ते पायांनी जमीन ढकलत. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. त्याचे श्रेय मिशो यांचे की लालमाँ यांचे, हा वाद जुनाच आहे; अमेरिकेतले पेटंट मात्र १८६६ मध्ये पिएर लालमाँ यांना मिळाले. पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होई, म्हणून वेगासाठी पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे उंच झाले. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ आली आणि पायडल आज आहे त्या जागी, दोन चाकांच्या मध्ये आले.

डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हे पंक्चरवाल्याच्या पोरालाही ठाऊक असते. विमान उडवण्याआधी सायकली बनवणाऱ्या राईट बंधूंनी १९०० साली ‘निखळणार नाही असे पायडल’ म्हणून त्याचीच जाहिरात केली होती.

पायडल निखळेना, पण शर्यतीत वेगाने फिरवताना पाय घसरे. त्यावर उपाय म्हणून पायडलाला पुढे लोखंडी पिंजरा आणि चामडी पट्टा लावला. कित्येक दशके शर्यतवीर असाच पाय बांधून धावले. थांबायचे तर आधी खाली वाकून पट्टा सैल करायचा. १९७१ मध्ये इटलीच्या चिनेली कंपनीने पट्टा काढून क्लीट अडकवणारे पायडल आणले. पण पाय सोडवायला हाताने खटका ओढावा लागे. सायकलस्वारांनी त्याला ‘मृत्यूचे पायडल’ असे नाव ठेवले.

खरी वाट दाखवली बर्फावरच्या खेळाने. स्कीइंग करणारा पडला आणि पाय पिरगळला, तर बूट आपोआप सुटावा अशी कळ फ्रान्सची ‘लुक’ कंपनी बनवत असे. तीच युक्ती तिने १९८४ मध्ये पायडलाला लावली. टाच बाहेर फिरवली की पाय मोकळा. १९८५ मध्ये बर्नार हिनो यांनी याच पायडलांवर ‘टूर द फ्रान्स’ जिंकली आणि चामडी पट्ट्याचे दिवस भरले. मात्र ही क्लीट तीन स्क्रूंची, तळाखाली पुढे आलेली. चालताना माणूस बदकासारखा डुलतो. महेश्वरला आमचे हेच झाले.

१९९० मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने ‘एसपीडी’ आणले, ते डोंगरात चालणाऱ्या सायकलींसाठी. तिथे चिखल आला, चढ आला की उतरून चालावेच लागते. म्हणून क्लीट लहान, पोलादी, दोन स्क्रूंची आणि बुटाच्या तळातल्या खाचेत दडलेली. आजीच्या प्रश्नाचे उत्तर तीस वर्षांपूर्वीच तयार होते. आम्हीच ते पाहिले नव्हते.

आता उरला प्रश्न घरचा. आमच्यापैकी बहुतेकांकडे चांगली सायकल एकच. रविवारी ती लांब पल्ल्याला जाते, सोमवारी कचेरीच्या बुटांनी चालते, संध्याकाळी मुलगी चपलेवर क्लासला नेते. अशांसाठी दोन प्रकार आहेत. एकात दोन्ही बाजूंना एसपीडी आणि भोवती रुंद चौकट असते. बूट कसाही ठेवा, अडकतो. पण पातळ तळव्याच्या चपलेला मधली कळ टोचते. दुसऱ्यात एक बाजू एसपीडी, दुसरी सपाट. यात सुरुवातीला पायाने पायडल उलटून योग्य बाजू शोधावी लागते, पण साध्या चपलेला काहीच त्रास नाही. रोज साध्या बुटांनी चालवणाऱ्यांनी दुसरा घ्यावा, हे आमचे मत. गिअरच्या बहुतेक सायकलींना आटे ९/१६ इंचांचेच असल्याने पायडल बदलणे सोपे आहे. पहिले काही दिवस कळीची स्प्रिंग ॲलन-कीने सैल ठेवावी, कोणत्याही दिशेने पिरगळले तरी सुटणारी क्लीट घ्यावी, आणि मोकळ्या मैदानात भिंतीला धरून पाय सोडवायचा सराव करावा. चौकात जाऊन शिकू नये. आम्ही तसेच शिकलो.

आमचे आजोबा मालवा मिलच्या भोंग्याला सायकल दामटत. तिचे रबरी पायडल कोणाला विचारत नसे, पायात काय आहे म्हणून. जोडा, चप्पल, अनवाणी, सगळे चाले. नवी कळ जरूर घ्यावी, पण घरातल्या कोणालाही सायकल परकी होऊ नये, एवढे पाहावे. यंदा पुन्हा महेश्वरला जायचे ठरले आहे. या वेळी बूट घालूनच घाटापर्यंत चालत जाऊ, आणि आजी भेटली तर तिला ते दाखवू.