बाळोते, डायपर आणि बाळाची चाल

१७४८ साली ब्रिस्टल येथील विल्यम कॅडोगन या डॉक्टरांनी लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलच्या, म्हणजे टाकून दिलेल्या मुलांच्या अनाथालयाच्या, एका विश्वस्ताला एक लांबलचक पत्र लिहिले. ते पुस्तिकेच्या रूपाने छापले गेले आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. विषय होता तान्ह्या मुलांचे संगोपन, आणि मुख्य तक्रार अशी की मुलांना फार कपडे घालतात व ते फार आवळून बांधतात. त्या काळी युरोपात नवजात बाळाला खांद्यापासून पावलांपर्यंत कापडाच्या लांब पट्ट्यांनी गुंडाळून ठेवीत. हातपाय सरळ राहावेत, वाकडे होऊ नयेत, असे त्याचे कारण सांगितले जाई. ही समजूत फार जुनी. दुसऱ्या शतकातील सोरेनस या वैद्याच्या ग्रंथातही या पट्ट्या कशा बांधाव्यात याचे सविस्तर वर्णन आहे. १७६२ साली रूसोने 'एमील' या ग्रंथात कॅडोगन यांचाच मुद्दा अधिक तिखटपणे मांडला. बांधलेले गाठोडे खुंटीला अडकवून दाईला आपल्या कामाला जाता येते, खरे कारण हेच, असा त्याचा आरोप होता. (स्वतःची पाच मुले अनाथालयात धाडणाऱ्या रूसोने हे लिहावे, हा भाग वेगळा!)

रूसोचे म्हणणे पूर्णपणे खरे मात्र नाही. १९६५ साली लिप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुंडाळलेल्या बाळांच्या निरीक्षणांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. अशी बाळे जास्त झोपतात, कमी रडतात आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे त्यांना आढळले. म्हणजे बाळाला एक प्रकारचा आराम मिळतो, हे खरेच. आपल्याकडेही न्हाऊ घातल्यावर बाळाला दुपट्यात गच्च गुंडाळतात आणि ते शांत झोपते. प्रश्न असा की आराम म्हणजे निवांतपणा, की हातपाय हलवण्याची मोकळीक? बाळाच्या वस्त्रांचा पुढचा इतिहास पाहताना हा फरक ध्यानात ठेवायला हवा, कारण तो घडवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो ठेवला.

पश्चिम युरोपातून पट्ट्या हळूहळू गेल्या आणि कमरेला बांधायचे चौकोनी बाळोते तेवढे राहिले. थंड हवामानामुळे ते जाड असे, घड्यांवर घड्या घातलेले. १८४९ साली अमेरिकेत वॉल्टर हंट यांनी सेफ्टी पिनचे पेटंट घेतले (आणि ते ४०० डॉलरला विकून टाकले), त्यामुळे या घड्या जागच्या जागी राहू लागल्या. विसाव्या शतकात त्यावर रबरी चड्डी आली. अंथरूण कोरडे राहिले, पण आतली ओल आणि ऊब कोंडली गेली. बाळाच्या कातडीवर पुरळ उठू लागले.

या पुरळाची कारणमीमांसा वर्गात सांगण्यासारखी आहे. १९२१ साली कुक या डॉक्टरांनी दाखवले की विष्ठेतील एक जीवाणू मूत्रातील युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतो. सकाळच्या बाळोत्याला अमोनियाचा झणझणीत वास येतोच, तेव्हा पुरळाचे कारण अमोनिया हे सर्वांना पटले आणि पन्नासहून अधिक वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिले. १९७७ साली लेडन, क्लिगमन आदी त्वचाशास्त्रज्ञांनी पुरळ असलेली आणि नसलेली बाळे शेजारी शेजारी ठेवून मोजमापे केली. दोन्ही गटांत अमोनिया आणि तो तयार करणारे जीवाणू सारखेच निघाले! पुढे १९८६ च्या सुमारास उलगडा झाला तो असा. अमोनियामुळे सामू वाढतो, म्हणजे कातडीवरची सौम्य आम्लता जाते. त्या बदललेल्या सामूत विष्ठेतील प्रथिने व मेद पचवणारी विकरे जोमाने काम करू लागतात आणि ओलीने फुगलेल्या कातडीवर हल्ला चढवतात. अमोनिया हा चोर नव्हे, चोराला दार उघडून देणारा. हे संशोधन डायपर बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत झाले, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. त्यामुळे ते खोटे ठरत नाही. पण कोणते प्रश्न विचारले जातात हे पैसा कुठून येतो यावरही अवलंबून असते.

आता टाकाऊ डायपरकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात स्वीडनमध्ये कापसाची टंचाई झाली, तेव्हा १९४२ साली पाउलिस्ट्रोम येथील कागद कारखान्याने लाकडाच्या लगद्याच्या मऊ घड्या बाळोत्यात ठेवण्यासाठी तयार केल्या. १९४७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये व्हॅलरी हंटर गॉर्डन यांनी पॅराशूटच्या जुन्या कापडाची चड्डी शिवून आत असाच टाकाऊ थर घातला. त्याच सुमारास अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन यांनी न्हाणीघरातला पडदा कापून जलरोधक आवरण शिवले, आणि पिनांऐवजी दाबाची बटणे लावली. १९५१ साली त्यांना पेटंट मिळाले. या दोघीही लहान मुलांच्या आया होत्या आणि दोघीही धुण्याच्या ढिगाला कंटाळल्या होत्या. त्यांच्या शोधाला कारखानदारांनी आधी हसून नकार दिला यात नवल नाही; धुणे त्या कारखानदारांना धुवायचे नव्हते.

प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतील रसायन अभियंता व्हिक्टर मिल्स यांना नातवंडाचे बाळोते बदलताना हाच कंटाळा आला. कंपनीचा पहिला नमुना डॅलसच्या उन्हाळ्यात प्लॅस्टिकच्या चड्डीसह वापरून पाहिला गेला आणि बाळांना घामोळ्या आल्या. सुधारलेला डायपर १९६१ च्या डिसेंबरात इलिनॉय राज्यातील पिओरिया शहरात विक्रीस ठेवला. आयांना तो आवडला, पण एकाला १० सेंट ही किंमत परवडेना. ती ६ सेंटवर आणल्यावर तो चालू लागला.

पिओरियाचे नाव विज्ञानाच्या शिक्षकांना ओळखीचे वाटेल. तेथील सरकारी कृषी संशोधन प्रयोगशाळेतच युद्धकाळात पेनिसिलिनचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन कसे करायचे हे शोधले गेले. पेनिसिलिनची सरस बुरशी मिळाली तीही तिथल्या बाजारातल्या एका खरबुजावर. याच प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चला रासायनिक साखळ्या जोडून स्वतःच्या वजनाच्या शेकडोपट पाणी धरणारा पदार्थ तयार करण्यात आला. उद्देश होता शेतजमिनीत ओल टिकवण्याचा. १९८० च्या दशकात, प्रथम जपानमध्ये, डायपरमध्ये शिरला तो याचाच कृत्रिम भाऊबंद, सोडियम पॉलिअॅक्रिलेट.

कापूस किंवा लगदा पाणी धरतो ते तंतूंमधल्या फटींत, केशाकर्षणाने. दाबले की ते पिळून बाहेर येते. बाळ खाली बसले की नेमके हेच होते. पॉलिअॅक्रिलेटचे तसे नाही. त्याच्या लांब साखळ्यांवर ऋणभार असलेले गट असतात. पाणी मिळताच सोडियम आयन सुटे होतात, ऋणभार एकमेकांना दूर ढकलतात आणि परासरणाने पाणी आत ओढले जाते. साखळ्या अधूनमधून एकमेकींना बांधलेल्या असल्याने विरघळून न जाता त्यांचा घट्ट लगदा होतो. प्रयोग सोपा आहे. नव्या डायपरमधील पांढरी भुकटी हलकेच झटकून पेल्यात घ्यावी (डोळ्यांत व नाकात जाऊ देऊ नये), वर पाणी ओतावे, पेला उपडा करावा. काही पडत नाही. मग चमचाभर मीठ घालून ढवळावे. लगद्याचे पाणी सुटते, कारण बाहेरच्या आयनांमुळे परासरणाचा जोर ओसरतो. मूत्रही खारट असते, म्हणून प्रत्यक्ष डायपरमधली भुकटी शेकडोपट नव्हे, काही दसपटच द्रव धरते. पण तेवढ्यानेही डायपर पूर्वीपेक्षा पुष्कळ पातळ झाला.

इथे आपण चालीपाशी येतो. जाडी कमी झाली ती गळती थांबवताना आणि पेट्या लहान करताना. बाळाच्या मांड्यांमधील अंतर हा कुणाचा हेतू नव्हता.

तसा त्या अंतराचा विचार अस्थिरोगतज्ज्ञ करीत होते. बाळाचा खुब्याचा उखळीचा सांधा जन्मतः कच्चा असतो. पाय बेडकासारखे फाकलेले असले की मांडीच्या हाडाचा गोल उखळीत नीट बसतो. पाय सरळ ताणून बांधले तर तो निसटू शकतो. जपानमध्ये बाळांचे पाय सरळ राहतील असे आवळून बांधण्याची रीत होती. १९७५ च्या सुमारास तिच्याविरुद्ध देशभर मोहीम झाली आणि खुबा निखळलेल्या बाळांचे प्रमाण, जे पूर्वी शंभरात एक ते तीन असे, ते हजारात दोनाच्या आसपास आले. कॅडोगन यांच्या पत्राला आकड्यांचा आधार मिळाला तो असा, सव्वादोनशे वर्षांनी. गंमत म्हणजे याच सांध्यासाठी जाड बाळोते बरे असा सल्लाही डॉक्टर देत, कारण त्याने पाय फाकलेले राहतात. बाळ निजून असते तोवर जे हिताचे, तेच ते उभे राहिले की अडचणीचे होते.

चालण्यावर वस्त्राचा काय परिणाम होतो? १९४० साली डेनिस दांपत्याने अमेरिकेतील होपी जमातीच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही बाळांना पहिले कित्येक महिने फळीला बांधून ठेवीत, काहींना नाही. दोन्ही गट सुमारे १५ महिन्यांचे असताना चालू लागले. चालणे हे जणू आतून उमलते, बाहेरचे काही त्याला अडवत नाही, असा निष्कर्ष त्यातून रूढ झाला. पण 'केव्हा चालते' आणि 'कसे चालते' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरा प्रश्न २०१२ साली न्यूयॉर्क विद्यापीठात व्हिटनी कोल, जेसी लिंगेमन आणि कॅरन अॅडॉल्फ यांनी विचारला. १३ आणि १९ महिन्यांच्या एकूण ६० बाळांना त्यांनी दाब नोंदवणाऱ्या पट्टीवरून तीन प्रकारे चालवले : उघडे, पातळ टाकाऊ डायपर घालून आणि जाड कापडी डायपर घालून. उघड्या बाळांची चाल सर्वांत सफाईदार निघाली, पावले लांब आणि पायांमधील अंतर कमी. कापडी डायपरमध्ये चाल सर्वांत फेंगडी, अडखळणे आणि पडणेही जास्त. पातळ डायपर मध्ये कुठेतरी, पण उघडेपणाची बरोबरी त्यालाही साधली नाही. सहा महिने जास्त मोठ्या बाळांतही हा फरक टिकून होता.

नवे चालणारे मूल पाय फाकून चालते ते तोल सांभाळण्यासाठी, असे आपण शिकलो आणि शिकवतो. ते खरेच आहे. पण मोजमापे घेताना बाळांच्या अंगावर डायपर होता आणि त्या फेंगडेपणात त्याचाही वाटा होता, हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. सर्वत्र असलेली गोष्ट दिसेनाशी होते. १९३० च्या दशकात मर्टल मॅग्रॉ यांनी बाळांच्या हालचालींच्या चित्रफिती घेतल्या त्या बाळांना उघडे ठेवून. पुढच्या संशोधकांनी सोयीसाठी डायपर राहू दिला, आणि एक चल राशी गुपचूप प्रयोगात शिरली.

यावरून 'कापडी वाईट, टाकाऊ चांगले' असे म्हणणे मात्र घाईचे होईल. त्या प्रयोगातले कापड म्हणजे अनेक थरांचा जाड डायपर. आपल्या घरांतला लंगोट जुन्या लुगड्याचा किंवा धोतराचा, एखाद्या घडीचा, ओला झाला की लगेच बदलायचा. तो द्रव फार धरत नाही, पण मांड्यांमध्ये जागाही फार घेत नाही. अंगणात तर मूल पुष्कळदा उघडेच दुडदुडते. (कचऱ्याचा प्रश्न गंभीर आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

आपल्या लंगोटावरची अशी मोजणी एखाद्या शाळेला सहज करता येईल. नुकतेच चालू लागलेले मूल, त्याची आई जवळ, आणि खरखरीत सिमेंटचे अंगण. मुलाचे तळवे ओल्या फडक्याने पुसावेत, त्याला आईकडे चालत जाऊ द्यावे आणि ठसे वाळण्याआधी खडूने खुणा कराव्यात. मग लागोपाठच्या पावलांची लांबी आणि डाव्या-उजव्या पावलांमधील आडवे अंतर मोजपट्टीने घ्यावे : उघडे, लंगोटात, डायपरमध्ये. दर दिवशी क्रम बदलावा, नाहीतर दमलेल्या बाळाचा दोष शेवटच्या कपड्यावर जायचा.