ड्रीम जॉब नाकारावा का? सेल्सच्या नोकरीतलं पॅकेज, टार्गेट आणि वास्तव

मुळशी तालुक्यातलं जांबे हे गाव हिंजवडीच्या उत्तरेला आहे. मारुंजी, नेरे आणि पुनावळे हे त्याचे शेजारी. जवळच राजीव गांधी इन्फोटेक पार्क, आणि ताथवडे-हिंजवडी पट्ट्यात एकापाठोपाठ एक मॅनेजमेंट संस्था. या भागात भाड्याच्या खोलीत राहून एमबीए किंवा इंजिनीअरिंग संपवणाऱ्या मुलामुलींच्या हातात पहिली मोठी ऑफर येते, तेव्हा अनेकदा ती सेल्सची असते. पत्रावर मात्र सेल्स हा शब्द असेलच असं नाही. ‘बिझनेस डेव्हलपमेंट’, ‘रिलेशनशिप मॅनेजर’, ‘ग्रोथ असोसिएट’, ‘अकॅडमिक कौन्सेलर’ अशी नावं असतात आणि आकडा घरच्यांनी कधी ऐकला नसेल एवढा मोठा असतो.

अशी ऑफर नाकारणारा माणूस घरात आणि मित्रांमध्ये वेडा ठरतो. घेऊन सहा महिन्यांत सोडणारा ‘टिकला नाही’ म्हणून ओळखला जातो. दोन्ही शिक्के बसण्याआधी ऑफरमध्ये नेमकं काय लिहिलंय, हे वाचायला हवं.

बारा लाखांतले हातात किती?

एक उदाहरण घेऊ. ऑफर १२ लाखांच्या सीटीसीची आहे. त्यात ७ लाख फिक्स्ड आणि ५ लाख व्हेरिएबल, म्हणजे टार्गेट पूर्ण केलं तर मिळणारे. घरी सांगताना ‘महिन्याला एक लाख’ असं सांगितलं जातं. आता फिक्स्डचा हिशोब करू. बेसिक पगार निम्मा, म्हणजे साडेतीन लाख धरला, तर कंपनीचा पीएफचा १२ टक्के वाटा ४२,००० रुपये होतो. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे १६,८०० रुपये. बहुतेक कंपन्या या दोन्ही रकमा त्या ७ लाखांतच धरतात. मग कर्मचाऱ्याचा स्वतःचा पीएफ पुन्हा ४२,००० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. उरतात ५ लाख ९६ हजारांच्या आसपास, म्हणजे महिन्याला साधारण ४९,७०० रुपये. नव्या करप्रणालीत या उत्पन्नावर आयकर लागत नाही, एवढाच दिलासा.

म्हणजे एकही टार्गेट पूर्ण झालं नाही तर ‘एक लाख’वाल्याच्या खात्यात पन्नास हजारही येत नाहीत. ही फसवणूक नाही, पत्रात सगळं लिहिलेलं असतं. पण घराचं भाडं, गाडीचा आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता ठरतो तो १२ लाखांवर, आणि घोडं तिथेच अडतं. ग्रॅच्युइटीचं तर असं की कायम नोकरीत ती साधारणपणे सलग पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच हातात पडते. सेल्समध्ये पहिल्याच कंपनीत पाच वर्षं काढणारे फार नसतात.

व्हेरिएबलमध्ये खरा प्रश्न ‘किती’पेक्षा ‘कधीपासून’ हा असतो. अनेक योजनांना उंबरठा असतो. समजा तो ७० टक्के असेल, तर ६९ टक्के टार्गेट गाठणाऱ्याला त्या तिमाहीत शून्य मिळतं. काही ठिकाणी ग्राहकाने नंतर व्यवहार रद्द केला की दिलेला इन्सेंटिव्ह पुढच्या पगारातून कापून घेतात. टार्गेट वर्षाच्या मध्यात वाढवण्याचा अधिकारही कंपनी स्वतःकडे ठेवते. इन्सेंटिव्हचे हे नियम बहुतेकदा ऑफर लेटरमध्ये नसतात. ते वेगळ्या पॉलिसीत असतात, आणि ती पॉलिसी रुजू झाल्यावर हातात येते. ती आधी मागायला काहीच हरकत नाही. देत नसतील, तर त्यातूनही बरंच कळतं.

‘सेल्स’ एक नाही

साबण, बिस्किटं विकणाऱ्या कंपनीचा टेरिटरी अधिकारी स्वतः दुकानात माल विकत नाही. तो डिस्ट्रिब्युटरला माल घ्यायला लावतो आणि डिस्ट्रिब्युटरचे सेल्समन ठरलेल्या ‘बीट’वर दुकानं फिरतात. कंपनीने डिस्ट्रिब्युटरला दिलेला माल म्हणजे प्रायमरी, डिस्ट्रिब्युटरने दुकानांना विकलेला तो सेकंडरी. महिनाअखेरीस टार्गेट कमी पडलं की सगळा जोर प्रायमरीवर येतो. डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात माल साचतो, त्याचे पैसे अडकतात आणि पुढच्या महिन्यात तो अधिकाऱ्याचा फोन उचलत नाही. एमबीएच्या वर्गात ‘चॅनेल मॅनेजमेंट’ म्हणून शिकवतात, त्यातला मोठा भाग प्रत्यक्षात या उधारीचा आणि रुसव्याफुगव्यांचा असतो.

औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे एमआर, सकाळी केमिस्टकडे आणि संध्याकाळी डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये असतो. डॉक्टर दोन मिनिटं भेटतात, कधी तेवढंही नाही. पूर्वी या कामात भेटवस्तूंचा मोठा वाटा होता. केंद्राने मार्च २०२४ मध्ये औषध विपणनाची नवी आचारसंहिता जाहीर केली आणि डॉक्टरांना भेटवस्तू देण्यावर बंदी आणली. टार्गेटला मात्र अशी कोणतीही आचारसंहिता नाही.

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचं जग आणखी निराळं. हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या कंपन्यांना फोन करायचे, तर न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे इथले संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. कॅलिफोर्नियाचे नऊ वाजतात तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ-साडेदहा झालेले असतात. पैसा चांगला असतो, बहुतेक ठिकाणी पहिले काही महिने टार्गेटही सौम्य असतं. पण अभियंता मित्रांची रात्र आणि यांची रात्र कधीच जुळत नाही.

आणि मग जांबे-मारुंजी-पुनावळे भागातली सगळ्यात डोळ्यांसमोरची विक्री: फ्लॅटची. इथे एक साखळी असते. प्रीसेल्सवाला दिवसभर फोन करून साइट व्हिजिट ठरवतो. सोर्सिंगवाला एजंटांना, म्हणजे चॅनेल पार्टनरना, आपल्या प्रकल्पाकडे वळवतो. सॅम्पल फ्लॅट दाखवून बुकिंगचा चेक घेणारा तो क्लोझिंग मॅनेजर. शनिवार-रविवार हे सगळ्यात व्यग्र दिवस, सुट्टी मधल्या वारी. दसरा, दिवाळी, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया या दिवशी घरची पूजा उरकून साइटवर हजर राहावं लागतं. लग्नाच्या सीझनमध्ये तर नातेवाईक विचारायचंच सोडून देतात.

या कामातली मोठी जोखीम जिभेवर असते. ‘मेट्रो पाच मिनिटांवर’, ‘गाव लवकरच महापालिकेत जाणार’ ही वाक्यं इथल्या साइट ऑफिसांत सर्रास ऐकू येतात. हिंजवडी, माण, मारुंजी, जांबे, नेरे, सांगवडे, गहुंजे ही गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घेण्याची चर्चा अनेक वर्षांची आहे, पण चर्चा म्हणजे निर्णय नव्हे. रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर विसंबून कुणी पैसे भरले, तर विकासकाला भरपाई द्यावी लागते. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. महाराष्ट्रात एजंटांना महारेराची नोंदणी लागते, आणि २०२३ पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास होणंही बंधनकारक झालं. टार्गेट गाठायला वरिष्ठ जे बोलायला लावतात आणि कायदा जे बोलू देतो, त्या दोन्हींच्या मधे क्लोझिंग मॅनेजर उभा असतो.

कार्ड कुणाचं, नोकरी कुणाची?

बँका, विमा आणि मोबाइल कंपन्यांच्या विक्रीत हा प्रश्न पहिला विचारायचा. गळ्यातल्या ओळखपत्रावर मोठ्या बँकेचं नाव असतं, पगार मात्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीकडून होतो. याला ‘ऑफ-रोल’ म्हणतात. बढती, मेडिक्लेम, सुट्ट्या, सगळंच वेगळं असतं. नेमणूकपत्राच्या लेटरहेडवर कोणाचं नाव आहे, एवढं पाहिलं तरी उलगडा होतो.

दुसरी बाब फोनची. अनेक ठिकाणी कर्मचाऱ्याला स्वतःच्या सिमवरून ग्राहकांना फोन करायला सांगतात. जाहिरातीच्या कॉलसाठी ट्रायने १४० ने सुरू होणारे क्रमांक ठरवले आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटरचे सगळे क्रमांक बंद करून त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकण्याचे आदेश दूरसंचार कंपन्यांना दिले. तक्रारी आल्या तर बंद पडतो तो कर्मचाऱ्याचाच नंबर. बँक खातं, आधार, सगळं त्याच नंबराला जोडलेलं असतं.

कायद्याचं संरक्षण किती?

विक्री करणारा ‘कामगार’ आहे का, हा भारतात जुना वाद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सँडोज कंपनीच्या प्रकरणात सांगितलं की, औषध प्रतिनिधी औद्योगिक विवाद कायद्यातल्या व्याख्येत थेट बसत नाहीत. त्यांना संरक्षण मिळालं ते विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी १९७६ मध्ये झालेल्या स्वतंत्र कायद्यामुळे, आणि तो कायदा मुळात औषध उद्योगासाठी होता. फ्लॅट, ऑनलाइन कोर्स किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्याला ते आपोआप मिळत नव्हतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. लेखी नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे, आणि राजीनामा दिल्यावर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करण्याची तरतूद आहे. शेवटच्या तिमाहीचा इन्सेंटिव्ह मात्र कंपनीच्या पॉलिसीत ‘देय’ कधी ठरतो, यावर वाद होतच राहतात. ‘पैसे जमा होण्याच्या दिवशी नोकरीत असला तरच’ असं वाक्य पॉलिसीत असेल, तर राजीनाम्याची तारीख त्याप्रमाणे ठरवणारे अनुभवी लोक भरपूर आहेत.

मास्तरकी सोडून सायकली

प्रतिष्ठेची नोकरी सोडून विक्रीकडे वळलेला महाराष्ट्रातला सगळ्यात गाजलेला माणूस म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिकवत होते. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला गेले. तिथे भाऊ रामूअण्णांबरोबर त्यांचं सायकलींचं दुकान होतं. नवी वस्तू घेणाऱ्याला ती वापरायलाही शिकवावी लागते, म्हणून ते सायकल चालवायचे धडेही देत.

पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. आजच्या कोणत्याही सेल्स रिव्ह्यूमध्ये हा माणूस दुसऱ्याच महिन्यात ‘परफॉर्मन्स प्लॅन’वर गेला असता. फरक एवढाच की माल त्याचा स्वतःचा होता, मुदतही त्याची स्वतःची होती. पगारी सेल्समनकडे या दोन्हींपैकी काहीच नसतं, म्हणून किर्लोस्करांची गोष्ट सांगून नव्या मुलांना ‘चिकाटी ठेवा’ म्हणणं अर्धवट आहे. विक्रीतून आणखी काय उगवू शकतं, याचं उदाहरण मात्र त्याच घरात सापडतं: १९२० मध्ये कारखान्याची माहिती आणि जाहिरात पोहोचवण्यासाठी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं, आणि त्यातूनच पुढे मराठीतलं महत्त्वाचं मासिक उभं राहिलं.

नाकारायचं असेल तर

निर्णय घेण्याआधी मुलाखत घेणाऱ्याला काही प्रश्न सरळ विचारता येतात. गेल्या वर्षी या टीममधल्या किती जणांनी पूर्ण टार्गेट गाठलं? ही जागा रिकामी का झाली? फिरतीचं पेट्रोल किलोमीटरमागे किती दराने मिळतं, आणि बिलं किती दिवसांत पास होतात? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण फील्डवरचे अनेक जण महिनोन्‌महिने स्वतःच्या खिशातून कंपनीचा प्रवास चालवतात. त्याहून खरी माहिती हवी असेल तर त्या टीममधून नुकताच बाहेर पडलेला माणूस शोधायचा. लिंक्डइनवर तो दहा मिनिटांत सापडतो आणि बहुधा मनापासून बोलतो.

ऑफर स्वीकारून नंतर रुजू न होण्याची अनेकांना धास्ती असते. एखाद्याला जबरदस्तीने नोकरी करायला लावण्याचा आदेश न्यायालय देत नाही. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ तशा सेवेच्या कराराची सक्तीने अंमलबजावणी करू देत नाही. कॅम्पस प्लेसमेंटमध्ये मात्र संस्थेचा नियम आडवा येतो. ‘एक विद्यार्थी, एक ऑफर’ असेल तर होकार दिल्यावर पुढच्या कंपन्यांचे दरवाजे बंद होतात, म्हणून तो नियम ऑफर येण्याआधीच वाचलेला बरा.

रुजू झाल्यावर चित्र बदलतं. किमान काही वर्षं राहण्याचा बाँड असेल आणि रक्कम वाजवी असेल, तर तो चालू शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. उलट, नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही, अशी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. ग्राहकांची यादी किंवा दरपत्रक बरोबर नेलं तर मात्र प्रकरण वेगळं होतं.

नकार कळवताना लांबलचक कारणमीमांसा लागत नाही. दोन-तीन ओळींचा ईमेल पुरतो: ऑफरबद्दल आभार, सध्या स्वीकारता येत नाही, निर्णय अमुक तारखेला कळवत आहे. फोनवर तोंडी नकार देऊन थांबू नये. एचआरच्या यादीत नाव तसंच राहिलं, तर रुजू होण्याच्या दिवशी ‘न कळवता गैरहजर’ अशी नोंद होते, आणि त्याच गटातल्या दुसऱ्या कंपनीत पुढे अर्ज केला की ती नोंद पुन्हा समोर येऊ शकते.