पहिली मोटारसायकल निवडताना

नवशिक्या चालकाने इंजिनाच्या ताकदीआधी आसनाची उंची आणि गाडीचे वजन पाहावे. सिग्नलला पाय नीट टेकत नसतील, तर गाडी उभ्याउभ्याच कलंडते. हीरो स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची, तर रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोची. हा फरक शोरूममध्ये नव्हे, चढावर गाडी ढकलताना उमगतो.

शिकण्यास १०० ते १२५ सीसी पुरेशी, पण ब्रेकचा विचार वेगळा करावा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे. त्याखालील बहुतेक गाड्यांत सीबीएस असते. सीबीएसमुळे एक ब्रेक दाबताच दोन्ही चाकांना ब्रेक लागतो, मात्र ओल्या रस्त्यावर चाक जखडणे ते रोखत नाही. एबीएस रोखते; पण ते अनेकदा केवळ पुढच्या चाकापुरतेच असते, हे विचारून घ्यावे. पावसात रोज प्रवास करणाऱ्याने १५० सीसीच्या आसपासची हलकी गाडी पाहिली तर गैर नाही.

शोरूम किमतीत नोंदणी आणि पाच वर्षांचा सक्तीचा तृतीय पक्ष विमा धरलेला नसतो. आयएसआय चिन्हाच्या हेल्मेटचा खर्चही आधीच हिशेबात घ्यावा.