घाटघरची कुत्री

गेल्या वर्षी जुलैमध्ये घाटघरहून भंडारदऱ्याकडे परतताना माझ्या माउंटन बाइकचं मागचं चाक ऐकेनासं झालं. पॅडल मारलं की साखळी फिरायची, गिअरची चक्रं फिरायची, चाक मात्र जागच्या जागी. पाऊस आडवा लागला होता, भातखाचरं तुडुंब भरली होती आणि मोबाइलला रेंज नव्हती. तासभर सायकल ढकलल्यावर एका चढावर रेंजच्या दोन काड्या दिसल्या. मी संगमनेरच्या सायकलवाल्या काकांना फोन लावला. आठवीत असताना माझी शाळेची सायकल याच काकांनी जोडून दिली होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुत्री बसली बघ. आता पॅडल मारू नको. शेंडीपर्यंत ढकलत जा आणि गाडी मिळते का बघ."

फ्रीव्हीलच्या आत छोट्या लोखंडी जिभा असतात, प्रत्येकीच्या मागे बारीक स्प्रिंग. पॅडल मारलं की त्या दात्यांत अडकतात आणि चाक ओढतात. पॅडल थांबवलं की दात्यांवरून घसरत जातात. उतारावर सायकलचा जो टकटक आवाज येतो तो त्यांचाच. आपल्याकडचे मिस्त्री त्यांना कुत्री म्हणतात. दाताने धरून ठेवतात म्हणून असावं.

दुसऱ्या दिवशी काकांनी हब उघडलं तर आतून दुधाच्या चहाच्या रंगाचं पाणी निघालं. ग्रीस आणि चिखल मिळून तो रंग झाला होता. दोन कुत्र्यांच्या स्प्रिंगा तुटल्या होत्या, बेअरिंग खरखरत होती. "बेअरिंग मिळतील, नंबर लिहिलाय त्यांच्यावर," काका म्हणाले, "पण ही कुत्री कुठून आणू?" मी कंपनीला मेल केला. उत्तर आलं की ते मॉडेल बंद झालंय, सुटे भाग मिळणार नाहीत. हब चार वर्षांचं होतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. जुन्या व्हर्जनचा सपोर्ट बंद करणारी अशी उत्तरं मी स्वतःही लिहिली आहेत, त्यामुळे रागावायचा मला फारसा अधिकार नव्हता. नवं हब घ्यावं लागणारच होतं. पण कुठलं घ्यायचं हे ठरवण्याआधी एक प्रश्न डोक्यात बसला: चाकाचा हा मधला भाग मिस्त्रीच्या हातातून नेमका कधी निसटला?

*

हबला आमच्या घरात जुना शब्द आहे, तुंबा. बैलगाडीच्या चाकाचा मधला लाकडी गड्डा. त्याच्यात आरे ठोकलेले असतात आणि त्याच्या पोटातून आस जातो. आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या लहानपणी एरंडेलात भिजवलेली चिंधी घेऊन वंगण घालणं हे घरातल्या पोरांचं काम होतं. तुंबा फुटला तर गावचा सुतार नवा घडवायचा, लोहार तापवलेली धाव चाकावर चढवायचा. चाकाचा एकही भाग असा नव्हता की जो गावात बनत नव्हता. तरी घर्षण होतंच. चाक कुरकुरत जायचं आणि बैल फेसाळायचे.

पुढे आबा साखर कारखान्याच्या टायरगाडीवर ऊस वाहू लागले. टायरगाडीच्या चाकात बेअरिंग असते. गाडी हलकी जाते याचं त्यांना सुरुवातीला फार अप्रूप होतं. मग गाडी हलकी जाते म्हणून तिच्यात ऊस जास्त भरला जाऊ लागला, आणि चढावर बैलांची गत तीच राहिली. ही गोष्ट आबा हसत सांगायचे, पण सांगायचे नेहमी.

सायकलच्या चाकात गोळ्या घालण्याची कल्पना पॅरिसची. जूल स्यूरिरे नावाच्या सायकल मेकॅनिकने 1869 मध्ये बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला पॅरिस ते रुआं ही शंभराहून जास्त किलोमीटरची शर्यत झाली आणि ती जिंकणाऱ्या जेम्स मूरच्या सायकलला या बेअरिंग होत्या. पाच वर्षांनी इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्लीने तारा हबमधून सरळ बाहेर न काढता तिरप्या, एकमेकींना ओलांडत लावायची पद्धत आणली. आजही बहुतेक सायकलींच्या तारा तशाच ओवतात. पॅडलचा जोर हबपासून रिमपर्यंत पोचतो तो या तिरपेपणामुळे.

यातून जे हब तयार झालं ते आपल्या सगळ्यांच्या घरात होऊन गेलंय. हबच्या दोन्ही टोकांना कप, कपात छर्रे, वरून कोन, मधून आस. 1950 च्या सुमारास मद्रासजवळ अंबत्तूर, बंगालमध्ये आसनसोल, मग सोनीपत आणि लुधियाना इथे कारखाने उभे राहिले आणि हे इंग्रजी हब भारतीय झालं. पुढच्या चाकाला 32 तारा, मागच्याला 40, कारण दुधाचे कॅन, सिलिंडर आणि बायको-मुलं सगळं मागच्या कॅरिअरवर.

या हबची खुबी त्याच्या उघडेपणात आहे. काका दोन पाने लावून कोन सैल करतात, छर्रे रॉकेलच्या वाटीत टाकतात, झिजलेले वेगळे काढतात, नवे मूठभर छर्रे ग्रीसमध्ये चिकटवून बसवतात. मग कोन आवळताना चाक हलवून बघतात. जास्त आवळला तर चाक जड जातं, सैल ठेवला तर डुगडुगतं. मधली जागा बोटांना कळते. मला ती अजून कळलेली नाही.

*

माउंटन बाइकचा जन्मच हबच्या ग्रीसशी जोडलेला आहे. कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. 1970 च्या दशकात तिथली काही पोरं 1930-40 मधल्या जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन कच्च्या रस्त्याने खाली सुटायची. या सायकलींचा मागचा ब्रेक हबच्या पोटातच असायचा. पॅडल उलटं मारलं की लागायचा. जवळपास तीन किलोमीटरचा तीव्र उतार उतरेपर्यंत हब इतकं तापायचं की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा. खाली आलं की हब उघडून नवं ग्रीस भरायचं, म्हणजे 'रीपॅक' करायचं. 21 ऑक्टोबर 1976 ला त्या परिसरात पहिली शर्यत झाली आणि उताराचं नावच 'रीपॅक' पडलं. गॅरी फिशर, जो ब्रीझ, टॉम रिची, चार्ली केली ही माउंटन बाइकच्या इतिहासातली मोठी नावं याच काळातली. ब्रीझने 1977 मध्ये खास अशा रस्त्यांसाठी सायकलचा सांगाडा बनवला.

प्रत्येक फेरीनंतर हब उघडायचं म्हणजे कटकट. त्यावरचा उपाय त्याच राज्यात तयार होता. सॅन होजेच्या फिल वुडने 1971 मध्ये कंपनी काढून सीलबंद बेअरिंगची हब विकायला सुरुवात केली होती. कप, कोन, सुटे छर्रे काहीच नाही. एक बंद कडं, आत गोळ्या आणि ग्रीस, बाजूला रबराचं सील. खराब झालं की ठोकून काढा, नवं दाबून बसवा.

काकांना ही बेअरिंग आवडत नाही असं मला वाटायचं, कारण तिच्यात बोटांच्या कौशल्याला जागा नाही. पण मी चुकले होते. काकांनी माझ्या हबमधून काढलेलं बेअरिंग पुसलं आणि मला नंबर वाचायला लावला: 6902. म्हणजे आतला व्यास 15 मिलिमीटर, बाहेरचा 28, रुंदी 7. हा नंबर कुठल्या सायकल कंपनीचा नाही. स्वीडनमध्ये बनवा, जपानमध्ये बनवा, नाहीतर आपल्या चिंचवडमध्ये, मापं तीच. पंख्याच्या आणि पाण्याच्या मोटरच्या बेअरिंगलाही असेच नंबर असतात. म्हणून संगमनेरच्या बेअरिंगवाल्याने, ज्याने आयुष्यात माउंटन बाइक हातात धरली नसेल, दोन दिवसांत 6902 मागवून दिलं. सीलबंद बेअरिंगने दुरुस्ती गावाबाहेर नेली आणि नंबराने ती परत आणली.

कुत्र्यांचं तसं झालं नाही. पूर्वी फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसायचं. खराब झालं की पूर्ण काढून शंभर-दोनशे रुपयांत दुसरं लावायचं. जपानमधल्या साकाई या लोहारकामासाठी नावाजलेल्या शहरात 1921 मध्ये सुरू झालेल्या शिमानोचं पहिलं उत्पादन हे फ्रीव्हीलच होतं. त्याच शिमानोने 1978 मध्ये ही यंत्रणा हबच्या अंगातच आणली. फायदा खरा होता: बेअरिंग आसाच्या टोकाकडे सरकल्या, आस वाकणं कमी झालं. पण त्या दिवसापासून कुत्री हबच्या कंपनीची झाली. प्रत्येकाचे दाते वेगळे, स्प्रिंगा वेगळ्या. हबच्या रुंदीचंही तसंच. डोंगरी सायकलींची मागची रुंदी 135 मिलिमीटर होती, मग 142 आली आणि 2014 च्या सुमारास 148.

*

म्हणून हब निवडताना मी यादी उलटी केली. सायकलच्या सांगाड्याने दोन गोष्टी ठरवल्याच होत्या: रुंदी आणि डिस्क कशी बसते ते. तारांची भोकं 32 घेतली, कारण 28 घेऊन वाचणारं वजन माझ्या डब्याच्या वजनाहून कमी आहे. जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो तो दात्यांचा आकडा. 36 दाते म्हणजे पॅडल जास्तीत जास्त 10 अंश रिकामं फिरतं, 54 म्हणजे साधारण पावणेसात. खडकाळ चढावर हा फरक जाणवतो. पण दाते बारीक झाले की आत चिखल गेल्यावर ते नीट धरतील का, ही काळजीही वाढते. घाटघरचा पाऊस पाहिलेल्या माणसाला 36 पुरे.

खरी चाळणी तीन प्रश्नांची होती. बेअरिंगचा नंबर काय? हब विशेष हत्याराशिवाय उघडतं का? आणि दाते-स्प्रिंगांचा संच सुटा मिळतो का, जुन्या मॉडेलसाठीही? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक देखणी हब गळाली. जे उरलं त्यात कुत्री नाहीत; दोन दातेरी चकत्या समोरासमोर एकमेकींत बसतात, मागे स्प्रिंग. हाताने ओढलं की उघडतं. किंमत माझ्या खोलीच्या महिन्याच्या भाड्याइतकी. चकत्यांचा एक जास्तीचा संच त्याच दिवशी मागवला.

चाक काकांनीच विणलं. असं हब त्यांनी आधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ते तीनदा उघडलं, तीनदा लावलं, मग तारा ओवायला घेतल्या. संध्याकाळपर्यंत आऊट काढून झाला. उधारीच्या वहीत, शेवटच्या पानावर, त्यांनी मला चारही बेअरिंगचे नंबर लिहायला सांगितले आणि खाली माझं नाव घातलं.

"पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाचं आलं तरी हेच पान उघडीन," ते म्हणाले. "पण पाऊस उघडेपर्यंत जाऊ नको गं तिकडे."

मी पुढच्याच रविवारी गेले.