देवनहळ्ळीचा उन्हाळा

बंगळूरच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरांवरील देवनहळ्ळी म्हटले, की टिपूचे जन्मस्थान आणि १७९१ साली इंग्रजांनी घेतलेला किल्ला, एवढेच आठवते. तटाआडच्या घरांतील उन्हाळ्याची नोंद कोण ठेवणार? तिचा एक धागा मात्र दरबारी नावात सापडतो. म्हैसूरच्या राजगोधनाचे खाते आधी ‘बेण्णे चावडी’, म्हणजे लोण्याची कचेरी, म्हणून ओळखले जाई. टिपूने त्याला ‘अमृतमहाल’ हे नाव दिले. त्याच गोधनाचे बैल हैदर-टिपूंच्या तोफा ओढीत, म्हणून इतिहासात त्यांची कीर्ती झाली. परंतु लोणी निघाले की मागे ताक उरते, आणि ताकावरच घराला वैशाख सोसवतो. दावणीची गाय, उंबऱ्याशी धापा टाकणारे कुत्रे, ताकासाठी भांडणारी मुले: तोफा थंडावल्या, तरी हा संसार चालूच राहिला.