डोंगरीतील वाद आणि पुण्यातील वितुष्ट

१८७९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दोन विद्यार्थ्यांचे वाद रात्र रात्र रंगत असत. बाळ गंगाधर टिळक कायद्याचा अभ्यास करीत होते, गोपाळ गणेश आगरकर एम. ए. ची तयारी करीत होते. दोघेही १८५६ च्या जुलैत जन्मलेले. देशाची अवनती का झाली आणि तीवर उपाय कोणता, हा वादाचा विषय. मतभेद पुष्कळ होते. पण सरकारी नोकरीच्या मागे न लागता शिक्षणास वाहून घ्यावे, हा निश्चय याच वादातून निघाला. १८८० च्या आरंभी विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह न्यू इंग्लिश स्कूल निघाले, पुढल्या वर्षी ‘केसरी’.

१८८२ साली कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, आणि तेथेही वाद सुटला नाही! रात्री आवाज इतके चढत की पहारेकऱ्यांना दटावावे लागे, ही हकिकत आगरकरांनीच लिहून ठेविली आहे. तिच्यात कडवटपणा औषधालाही नाही. कोठडीत टाळ्या पिटणारे कोणी नव्हते, हे त्याचे एक कारण खास असावे.

पुण्यास परतल्यावर मात्र वादाला प्रेक्षक लाभले. समाजसुधारणेवरून मने दुभंगली. त्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी बाहेरची मिळकत घ्यावी की नाही, हा रुक्ष व्यावहारिक तंटा मिसळला. १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ साली ‘सुधारक’ काढला. १८९० साली टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. संमतिवयाच्या बिलाने तर आगीत तेल ओतले. मुलीचे वय १० वरून १२ करणाऱ्या त्या १८९१ च्या कायद्यावर विचार थोडा आणि चिखलफेक फार झाली. मित्रांतील वाद दोन पक्षांचा झाला. आणि पक्षाला प्रतिपक्ष्याचे म्हणणे ऐकून घेण्याची सवड कोठून असणार? आगरकरांची तर विरोधकांनी जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली.

दोघांनी मिळून उभारलेल्या फर्ग्युसन कॉलेजाचे प्राचार्यपद १८९२ साली आगरकरांकडे आले, तेव्हा टिळक तेथे नव्हते. १७ जून १८९५ रोजी, एकोणचाळिसावे वर्षही पुरे होण्यापूर्वी, दम्याने जर्जर झालेले आगरकर वारले. ‘केसरी’तील मृत्युलेख टिळकांनी लिहिला.